एकेचाळिसावा संत

चाळीस संत भाजायचे तर पीठ आदल्या दिवशी दुपारी मळावं लागतं, आणि पीठ मळायचं तर घरातलं बाळ झोपलेलं असावं लागतं. माझा तोआदेर आठ महिन्यांचा. त्या शुक्रवारी त्याचं आणि झोपेचं भांडण होतं. म्हणून एका हाताने त्याला कडेवर धरून दुसऱ्या हाताने मी पिठाच्या वळ्या करत होते, आणि माझ्या सासूबाई, ग्लिकेरिया, टेबलापलीकडून त्या वळ्यांकडे अशा बघत होत्या, जणू मी सगळ्या गावाचं नाव घालवायला निघाले आहे.

"हा संत आहे?" त्यांनी एक वळी उचलून विचारलं.

"संतच आहे, आई."

"मग त्याला कुबड कसं आलं?"

"थंडीने," टेबलाखालून आवाज आला.

टेबलाखाली दोम्निका होती. माझी मोठी. सात वर्षं पूर्ण, वरचे दोन दात पडलेले, आणि नुकतीच लिहायला शिकल्यामुळे घरातली एकही भिंत कोरी नसलेली.

मार्चच्या नऊ तारखेला आमच्याकडे इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वळलेले गोड पाव भाजतात. भाजून वर मध लावायचा, अक्रोडाची भरड भुरभुरायची, आणि चर्चमध्ये आशीर्वाद घेऊन गावात वाटायचे. त्या पावांना आम्ही संतच म्हणतो. चाळीस असतात ते. एकही कमी नाही.

"आजी, गोष्ट सांग ना," दोम्निका टेबलाखालून बाहेर आली. केसांत मैदा.

"दरवर्षी तीच गोष्ट."

"दरवर्षी तेच पाव."

सासूबाईंना हे पटलं. त्या वळत वळत सांगू लागल्या. "चाळीस शिपाई होते. राजा म्हणाला, देवाला सोडा. ते म्हणाले, जमणार नाही. मग राजाने त्यांना उघडं करून गोठलेल्या तळ्यावर उभं केलं. आणि काठावर न्हाणीघर तापवून ठेवलं. दार सताड उघडं, आतून वाफ येतेय. ज्याला सोसवणार नाही त्याने यावं आणि देवाला विसरावं."

"आणि एक पळाला!"

"एक पळाला. तेव्हा काठावर पहारा देणाऱ्या शिपायाने आपला कोट काढून फेकला आणि जाऊन त्याच्या जागी उभा राहिला. झाले की नाही पुन्हा चाळीस?"

"आणि जो पळाला, त्याचं काय झालं?"

सासूबाईंचे हात क्षणभर थांबले. "पीठ चिकटतंय. मैदा टाक," त्या मला म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत ओट्यावर एकेचाळीस संत तयार झाले. दरवर्षी एक जास्तीचा असतो. एखादा करपला तर हाताशी असावा म्हणून असेल, असं मी लग्न होऊन आल्यापासून धरून चालले होते. सासूबाई त्याला मध लावत नाहीत, बाजूला कुठेतरी ठेवून देतात, आणि पुढे त्याचं काय होतं हे मी कधी विचारलं नव्हतं. सासूबाईंना कमी प्रश्न विचारावेत, हे मला फार लवकर समजलं होतं.

तोआदेर शेवटी झोपला. मी वाळत घातलेले लंगोट आणायला अंगणात गेले. सासूबाई शेजारच्या घरी उद्याच्या प्रसादाचा गहू निवडायला गेल्या. मोजून दहा मिनिटं. दोरीवर लंगोट थंडीने पापडासारखे कडक झाले होते. ते हातावर रचून मी आत आले, तर दोम्निका पाळण्याशेजारी दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी. ओट्यावर फडकं सरकलेलं. आणि पाळण्यात माझं बाळ गाढ झोपलेलं, हनुवटी आणि दोन्ही गाल मधाने माखलेले.

"तोआदेरने चार संत खाल्ले," ती म्हणाली.

"कशाने?"

"दातांनी."

"त्याला दोनच दात आहेत, दोम्निका."

"म्हणून तर चारच खाल्ले."

एरवी मी हसले असते. खरं सांगते, अर्धं हसू ओठांवर आलंही होतं. पण मध! दवाखान्यातल्या नर्सने दोनदा बजावून सांगितलं होतं, बाळ वर्षाचं होईपर्यंत मधाचं बोटसुद्धा नाही. माझ्या हातातले लंगोट खाली पडले. मी त्याला उचललं, ओल्या फडक्याने तोंड पुसलं, ओठ उघडून आत पाहिलं. आत काही नव्हतं. झोपेत त्याने तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. जे काही होतं ते बाहेरच होतं. तो जागा होऊन माझ्यावर रागावून रडायला लागला.

मग मी दोम्निकाकडे वळले.

"उद्या तुला संत नाही," मी म्हणाले. "टोपली तू धरायचीस. सगळ्या गावाला आपल्या हाताने वाटायचे. पण खायचा एकही नाही. बोट चाटायचं नाही. मध बंद."

इथवर बरोबर होतं. आजही मला ते बरोबरच वाटतं. इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण भीती एकदा जिभेवर चढली की मधेच उतरत नाही.

"आणि आज मी तुझी आई नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. फक्त विचारलं, "आज म्हणजे झोपेपर्यंत?"

मी बाळ घेऊन आतल्या खोलीत गेले.

सासूबाई परत आल्या, त्यांनी पाव मोजले आणि एवढंच म्हणाल्या, "छत्तीस. आयुष्यात पहिल्यांदा छत्तीस संत घेऊन जाणार मी."

"अजून चार करू का, आई?"

"मी संतांची पुन्हा भरती करत नाही. जे आहेत ते जातील."

त्या वर्षी चाळीस संतांचा दिवस आणि गेलेल्यांच्या आठवणीचा शनिवार एकाच तारखेला आले होते. म्हणजे पावांबरोबर नावांचा कागदही द्यायचा होता. कागद साधा असतो: डावीकडे लाल क्रूस, त्याखाली घरातल्या जिवंतांची नावं, उजवीकडे काळा क्रूस, त्याखाली गेलेल्यांची. फादर तो वेदीपाशी वाचतात. सासूबाईंचा चष्मा आठवड्याभरापूर्वी गाईने तुडवला होता, म्हणून कागद लिहायचं काम दोम्निकाकडे आलं. मी आतल्या खोलीत तोआदेरला थोपटत होते. दार अर्धवट उघडं होतं.

"काळी पेन्सिल नाहीये, आजी. तपकिरी चालेल?"

"गेलेल्यांना काय, चालेल. लिही. ओनुफ्रिए. आक्सिनिया. वेरोनिका."

"हळू ना. आक्सिनिया फार लांब आहे."

"होतीच ती लांब. दारातून वाकून यायची."

पेन्सिलीचा आवाज. मग सासूबाई म्हणाल्या, "झालं? आता डावीकडे. घरातले सगळे."

"सगळे?"

"सगळे म्हणजे सगळे."

बराच वेळ खोडरबर घासल्याचा आवाज येत राहिला. मग दोम्निकाने विचारलं, "आजी, जे आज नाहीत, ते कुठे लिहायचे?"

"जे नाहीत ते उजवीकडे. कितीदा सांगायचं?"

हे मी ऐकलं. ऐकून बाळाला थोपटत राहिले.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. उकडलेल्या गव्हाच्या गोड ताटांत मेणबत्त्या खोचलेल्या, पावांच्या टोपल्या, मधाचा वास, ओल्या मेंढीच्या कातड्याच्या कोटांचा वास. मुलं पुढे, बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. माझा नवरा इलारिओन उजवीकडे खांबाला टेकून उभा होता. या दिवशी आमच्याकडे पुरुषांनी चाळीस पेले वाइन प्यायची रीत आहे, प्रत्येक संताच्या नावाने एक; त्यामुळे सगळ्या पुरुषांच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ती भक्ती होती. सकाळी छत्तीसचा प्रकार कळल्यावर तो म्हणालाच होता, "हरकत नाही, माझे चाळीस मी पुरे करतो. घराची अब्रू राहायला हवी."

दोम्निका सगळ्यांत पुढे टोपली घेऊन उभी. सकाळपासून माझ्याशी एक शब्द नाही. वेणी सासूबाईंकडून घालून घेतलेली.

फादर झाहारिया नावं फार भरभर वाचतात. गाव मोठं, गेलेले त्याहून जास्त. एकेका घराचा कागद त्यांच्या तोंडून ओढ्यासारखा वाहत जातो, आणि आपापल्या घराची नावं आली की माणसं मान खाली घालून क्रूसाची खूण करतात. आमचा कागद आला. मी ओनुफ्रिए ऐकलं आणि मान खाली घातली.

"ओनुफ्रिए, आक्सिनिया, वेरोनिका, आई..."

ओढा थांबला.

फादरनी कागद नाकाजवळ नेला. मग लांब धरला. "आई," त्यांनी पुन्हा वाचलं, या वेळी रोजच्या बोलण्याच्या आवाजात. मग चष्म्यावरून खाली पाहिलं. "ही कोणाची आई?"

चर्चमध्ये मेणबत्त्यांचा तडतड आवाज.

"माझी," दोम्निका म्हणाली.

फादर माझ्याकडून तिच्याकडे आणि तिच्याकडून माझ्याकडे पाहू लागले. "कधी गेली?"

"काल. संध्याकाळी."

सगळं चर्च माझ्याकडे वळलं. मी बाळ कडेवर घेऊन जिवंत उभी होते, आणि आयुष्यात कधी वाटली नाही एवढी जिवंत असण्याची लाज वाटत होती. शेजारच्या म्हातारीने माझ्या दंडाला चिमटा काढून खात्री करून घेतली. पलीकडे इलारिओन पांढरा पडला होता. मी त्याला मानेने खूण केली, आहे अजून. तेवढ्यात तोआदेर मोठ्याने हसला.

"दोम्निका," फादर हळू म्हणाले, "तुझी आई तर ती तिथे उभी आहे."

"ती तोआदेरची आई आहे," ती म्हणाली. "माझी काल नव्हती. तीच म्हणाली."

कोणी हसलं नाही. मागच्या रांगेतून एक हुंकार तेवढा आला, बायकांकडून. असलं काही प्रत्येकीने केव्हातरी बोलून ठेवलेलं असतं.

फादरनी खाकरून घसा साफ केला. "जगातल्या सगळ्या आयांना," ते पुन्हा सूर लावून म्हणाले, "गेलेल्यांना विसावा दे, प्रभू, आणि राहिलेल्यांना अक्कल दे." आणि पुढचा कागद उचलला.

उपासना संपल्यावर त्यांनी आम्हाला ओसरीत बोलावलं. बाहेर लोक ताटं घेऊन थांबले होते, पण आमच्या टोपलीशिवाय वाटप सुरू करायची कोणाची इच्छा नव्हती. सगळे बर्फात उभे राहून बर्फ बघत असल्याचं दाखवत होते. आत आम्ही: सासूबाई, मी, बाळ, दोम्निका. फादर लाकडी बाकावर बसले आणि त्यांनी कागद माझ्या हातात दिला.

"उजवी बाजू सगळ्यांनी ऐकली," ते म्हणाले. "तू डावी वाच."

लाल क्रूसाखाली वाकड्या अक्षरांत तीन नावं होती. ग्लिकेरिया. इलारिओन. तोआदेर. त्याखाली काहीतरी लिहून खोडरबराने इतकं घासलेलं होतं की कागद विरला होता.

मी पुन्हा मोजली. तीनच.

"दोम्निका," मी विचारलं, "तुझं नाव कुठे आहे?"

ती टोपलीकडे बघत राहिली.

"कुठे आहे, बाळा?"

"ते चाळीसच असतात ना," ती म्हणाली. "जो पळाला, त्याचं नाव कोणी वाचत नाही. त्याच्या जागी दुसरा आला." तिने हनुवटीने माझ्या कडेवरच्या तोआदेरकडे खूण केली. "आला ना."

 तोआदेर माझी माळ चघळत होता. मी ती त्याच्या तोंडातून काढायलाही विसरले.

सासूबाईंनी मात्र कोटाच्या आत हात घातला. आता या पोरीला दटावणार, असं वाटून मी पुढे झाले. पण त्यांनी एक रुमाल बाहेर काढला, गाठ सोडली, आणि त्यात एक पाव होता. कोरडा. मध नाही, अक्रोड नाही. आणि पाठीला चांगलं मोठं कुबड. माझाच होता तो.

"हा कोण?" त्यांनी दोम्निकाला विचारलं.

"जास्तीचा. करपला तर म्हणून."

"कोण म्हणालं?"

"आई."

"तुझ्या आईला काय कळतंय." सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "हा पळालेला आहे. दरवर्षी त्याचा एक करते मी. माझी आईही करायची."

फादर झाहारियांनी चष्मा काढला. "ग्लिकेरियाबाई, बत्तीस वर्षं मी तुमच्या पावांना आशीर्वाद देतोय. हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही कधी विचारलं?"

"पण तो तर वाईट ना, आजी?" दोम्निका म्हणाली. "पळाला तो."

"पळालाच. म्हणून मध नाही. मध मिळणार नाही त्याला, माझ्या घरात तरी नाही." सासूबाई खाली वाकल्या, त्यांचे गुडघे असे वाजले की बाहेरच्यांनाही ऐकू गेलं असेल. "पण पीठ मळताना त्याला मोजायचा नाही, असं कसं चालेल? मी पाच पोरं वाढवलीत. चार जेवायला बसली की माझं लक्ष कुठे असायचं, सांग बघू? रस्त्यावर. पाचवा अजून आला नाही म्हणून. आल्यावर लाटणं घ्यायचे मी हातात, ते वेगळं. तुझ्या बापाला विचार. पण रस्सा चुलीवर गरमच असायचा." त्यांनी वर छताकडे बोट केलं. "तो माझ्याहून वाईट आई आहे, असं म्हणायचंय का तुला?"

"नाही," दोम्निका घाईने म्हणाली. आजीशी वाद नको, हे तिलाही कळतं.

"त्या रात्री एकोणचाळीस जण तळ्यावर उभे होते ते उभेच होते. देवाची नजर त्या पळणाऱ्यावरच असणार. अनवाणी कुठे चाललाय म्हणून."

"मग देवाने त्याला आत घेतलं?"

सासूबाईंनी फादरकडे पाहिलं, की आता तुम्ही बोला, पगार कशाचा घेता.

फादर चष्मा पुसू लागले.  "त्याचं पुढे काय झालं, हे मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी तिथे नव्हतो. पण देवाशी माझं रोजचं बोलणं आहे, आणि मलाही त्याने पुष्कळदा शिक्षा केली आहे. मध काढून घेतो तो, दोम्निका. कधी कधी बराच काळ. पण टेबलाजवळची खुर्ची काढून घेतलेली मी कधी पाहिली नाही. आणि माझ्या खुर्चीवर त्याने दुसऱ्या कोणाला बसवलंय, असंही झालं नाही. बाळ आलं की तो नवीन खुर्ची आणतो."

दोम्निकाने हे सगळं डोक्यात लावून पाहिलं. मग तिचा चेहरा अचानक आक्रसला. "पण तुम्ही मोठ्याने वाचलंत! आई उजवीकडे आहे, असं त्याने ऐकलं असेल! आता तो..."

तेव्हाच कळलं मला, गेला अर्धा तास ती कशाच्या भीतीने गोठून उभी होती.

"अगं, हा कागद त्याच्यासाठी नसतो," फादर म्हणाले. "त्याला सगळी पाठ आहेत. आपण विसरतो, म्हणून आपण वाचतो. तुझा कागद वाचला तेव्हा तो वर म्हणाला असेल, बघा, ग्लिकेरियाच्या घरात काल काहीतरी झालेलं दिसतंय."

मी बाळासकट ओसरीच्या थंडगार फरशीवर गुडघे टेकले. "मी काल खोटं बोलले," मी तिला म्हणाले. "मध बंद केला, ते खरं होतं. ते आजही खरं आहे. पण तुझी आई नाही म्हणाले, ते खोटं. एका दिवसापुरतंही ते खरं होऊ शकत नाही. मला करायचं म्हटलं तरी करता येणार नाही."

"झोपेपर्यंतपण नाही?"

"झोपेतसुद्धा नाही."

तिने माझ्याकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं. "म्हणजे तूपण खोटं बोललीस."

"हो."

"तोआदेरच्या बाबतीत मी बोलले, तसंच."

"तसंच. तुझ्याहून मोठं."

"मग तुला मध?"

मी फादरकडे पाहिलं. ते दाढीत हसत होते. "नाही," त्यांनी निकाल दिला. "तुझ्या आईलाही मध नाही. आणि वार्वारा, तुझं एवढ्यावर भागणार नाही. चाळीस दिवस, रोज संध्याकाळी, हिच्यासमोर उभं राहून सांगायचं, की मी तुझी आई आहे. हिने काहीही केलेलं असो. चुकवलंस तर पुन्हा पहिल्यापासून."

"मी मोजीन," दोम्निका म्हणाली. तिला ही शिक्षा फार आवडली होती.

मग फादरनी खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढून तिला दिला. तिने बाकावर कागद ठेवला, जीभ बाहेर काढली, आणि विरलेल्या जागेच्या शेजारी, जिथे कागद शाबूत होता तिथे, लाल क्रूसाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: दोम्निका. मग उजवीकडे पाहून अडली.

"आईला खोडू?"

"खोडू नकोस," फादर म्हणाले. "बाण काढ. काळ्याकडून लाल बाजूला."

"असं चालतं?"

"मेलेल्यांतून जिवंतांत? आमच्या धर्मात हे चालतं. किंबहुना सगळं त्याच्यावरच चाललंय."

तिने बाण काढला. टोकाला तीनदा गिरवून जाड केला, वाट चुकायला नको म्हणून.

सासूबाईंनी तो कुबड्या पाव तिच्या हातात ठेवला. "घे. मध नाही, आधीच सांगते."

तिने त्याचे दोन तुकडे केले. मोठा कोणता यावर थोडा विचार केला, आणि मोठा मला दिला. आम्ही दोघींनी ओसरीत उभं राहून तो कोरडा पाव खाल्ला. आदल्या दिवसाचा, जरा घशात अडकणारा. त्यानंतर ती टोपली घेऊन बर्फात उतरली आणि छत्तीस संत छत्तीस हातांत दिले. प्रत्येकजण तिच्याकडून पाव घेताना माझ्याकडे बघून म्हणत होता, "बरी आहेस ना, वार्वारा?" तिची बोटं मधाने चिकट झाली होती. ती एकदा तोंडापाशी नेली, माझ्याकडे पाहिलं, आणि वाकून बर्फाला पुसली. धावत जाऊन तिला ती बोटं चाटायला लावावं, असं मला वाटलं. मी गेले नाही. मलाही मध नव्हता.

इलारिओन संध्याकाळी आला तेव्हा एकोणिसाव्या संतापर्यंत पोचला होता आणि उरलेल्या एकवीस जणांची माफी मागत होता.

बाराव्या दिवशी दोम्निकाने तोआदेरचे केस कापले. सासूबाईंच्या मेंढीच्या कात्रीने. चर्चमधल्या फादरांसारखं त्यालाही डोक्यावर टक्कल हवंय, असं त्याने तिला सांगितलं म्हणे. कानाला कात्री लागली नाही हे नशीब. पण मधोमध ताटलीएवढी जागा रिकामी झाली होती. मी दारात उभी राहिले. तोंड उघडलं होतं, आणि जिभेवर काय आलंय ते मला चांगलं ठाऊक होतं.

दोम्निका कात्री खाली ठेवून, हाताची घडी घालून वाट बघत होती. घाबरलेली होती, पण उत्सुकही होती.

"आज मी तुझी..." मी म्हणाले.

"हं?"

"आई आहे."

"बारा," ती म्हणाली.

"आणि म्हणूनच सगळं अंगण तू झाडणार आहेस. आत्ता. कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत."

"खुराड्याच्या आतपण?"

"आतपण."

तिने कोपऱ्यातला खराटा घेतला. तो तिच्याहून उंच. उंबऱ्यात थांबून तिने मागे वळून पाहिलं, काही राहिलं का बघायला, आणि मग बाहेर गेली. खिडकीतून मला तिचा आवाज येत होता. झाडता झाडता ती घरातल्या जिवंतांची नावं म्हणत होती, एकेका फटकाऱ्याला एक: ग्लिकेरिया, इलारिओन, तोआदेर टकल्या, आई, दोम्निका, आणि पुन्हा ग्लिकेरिया. मी बाळाला मांडीवर घेतलं, त्याच्या डोक्यावरच्या ताटलीवर ओठ टेकले, आणि अंगण झाडून होईपर्यंत चुलीवरचं दूध गरम राहील असं बघत बसले.